नाव राहू द्या

मणिपूरमधल्या विस्थापितांच्या छावण्यांतल्या शाळांसाठी जुने लॅपटॉप दुरुस्त करून पाठवणारी एक बाई लातुरात आहे, असं कळलं. लेकीचा जुना लॅपटॉप घेऊन मी तिच्या दुकानात गेले. बाई चाळिशीची. लॅपटॉप चालू केला आणि डॉक्टरासारखा त्याला कान लावला. आतला पंखा ऐकत होती म्हणे. मग एकेक बटण दाबून पाहिलं.

झाकणावर लेकीच्या नावाचा स्टिकर होता. मी तो नखानं खरवडू लागले, तर तिनं माझा हात धरला.

"राहू द्या, ताई."

"का हो?"

"मी किल्लारीची. भूकंपात घर गेलं, शाळा गेली, मोठी बहीण गेली. मग पत्र्याच्या शाळेत मला कुठून तरी एक दप्तर आलं. आत कुणाचं तरी नाव लिव्हलेलं हुतं. मी लई दिवस त्या नावाशीच बोलायची."

मला राहवेना. "काय नाव होतं?"

ती हसली. "दुसऱ्याच मुलखाची अक्षरं हुती, ताई. आजपातुर वाचता आलं न्हाई."

मी स्टिकरचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून परत चिकटवला.