गुलाबी हेलिकॉप्टर

नागपुरातल्या नंदनवन भागातले निवृत्त विंग कमांडर प्रल्हाद गजभिये यांनी बावीस वर्षं हवाई दलाची एमआय-आठ हेलिकॉप्टरं उडवली होती. त्यांतलंच एक पुढे भंगारात निघालं आणि काटोल रोडवरच्या एका लॉनवाल्यानं लग्नाच्या फोटोंसाठी विकत घेतलं. उद्घाटनाची फीत कापायला त्यानं गजभियेंनाच बोलावलं.

ते गेले, आणि पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. अंगभर गुलाबी रंग फासलेला, वरची पाती उलटी बसवलेली आणि पोटात पाणीपुरीचा ठेला! असल्या माणसावर रागावणंसुद्धा त्यांना कमीपणाचं वाटलं.

"हे खरंच उडत होतं काय जी?" लॉनवाल्या ठवकरनं विचारलं.

"तू पाती उलटी लावायच्या आधी उडत होतं," गजभिये म्हणाले. "पुरात एका बाईले छपरावरून उचललं होतं आम्ही. तुझा तो पाण्याचा मटका ठेवला आहे ना, तिथंच ती बाळंत झाली. मले मागं वळून पाहताही येत नव्हतं. बाळ रडलं, तेव्हा समजलं मले."

ठवकर खूश झाला. "वा! बोर्डावर लिहूनच टाकतो न जी! नवरा-नवरीसाठी किती शुभ!"

गजभियेंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"ती बाई जगली का, एवढंही तुले विचारावंसं वाटलं नाही," ते म्हणाले. हातातली कात्री त्यांनी पुऱ्यांच्या परातीत टाकली. "फीत तूच काप."

रस्त्यावर येऊन त्यांनी नागपूरची बस थांबवली. निघताना खिडकीतून त्यांनी बाहेर पाहिलंही नाही.