कोपरापर्यंत हात

माजिवड्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात कल्पिता भोईर ऑपरेशन थिएटरची टेक्निशियन म्हणून लागली, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. पण मशीनवर पोरीचा जीव असा, की कळव्याला घरी जेवतानाही ती मॉनिटरवरचे आकडेच बोलायची. बाप राघो जन्मभर मिठागरात राबलेला. त्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण ऐकायचा मात्र सगळं.

त्या दिवशी टेबलावर प्रभाकर मास्तर होते. सत्तरीचे, अंगाने काटकुळे, आणि पोटाचं मोठं ऑपरेशन. सर्जन डॉ. विनीत यांना एसी अठरावरच लागतो, हा तिथला अलिखित कायदा. म्हणून पेशंटवर गरम हवेचं पांघरूण घालायचं आणि काखेत तापमानाचा सेन्सर चिकटवायचा. ते काम कल्पितानेच केलं होतं. मॉनिटरवर छत्तीस पॉइंट सहा, म्हणजे सगळं आलबेल.

दोन तास झाले तरी रक्त थांबेना.

"सगळं बांधलंय, तरी झिरपतंच आहे," डॉ. विनीत वैतागून म्हणाले.

सलाइन बदलताना कल्पिताचा हात मास्तरांच्या कपाळाला लागला. कपाळ गारठलेलं. तिने पांघरूण जरा उचलून पाहिलं. गरम हवेचा झोत थेट काखेवर येत होता. मशीन मास्तरांचं नाही, त्या हवेचं तापमान मोजत बसलं होतं.

बोललं तर नोकरी पक्की व्हायच्या आतच जायची. न बोललं तर मास्तर जायचे. लहानपणी मिठागरातल्या पाण्याला ती नुसती बोटं टेकवायची, तेव्हा बाप म्हणायचा, "वरशी हात लावून काय कलतंय, बाय? कोपरापरीन घाल."

"मॅडम, माझी चूक झालीये," ती भूल देणाऱ्या डॉ. सुमतींना म्हणाली. "सेन्सर गरम हवेखाली लागलाय. आकडा खोटा आहे. अन्ननलिकेत प्रोब टाकून आतलं बघूया?"

सुमतीबाईंनी तिच्याकडे एकदाच रोखून पाहिलं. "आण लवकर."

बारीक वायर तोंडावाटे आत सरकली. चौतीस पॉइंट एक.

"विनीत, शरीर इतकं गार पडल्यावर रक्त गोठणार कसं? एसी बंद करायला सांगा."

"मी उकडून मरेन हो."

"तुम्ही नाही मरणार," सुमतीबाई म्हणाल्या.

मग काय, एकच धांदल उडाली. सलाइन गरम केलं, पाय गुंडाळले, डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम नर्सने दहादा टिपला. कल्पिताची नजर आकड्यावरून हलेना. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी ती सांगत होती. चौतीस पॉइंट सहा. पस्तीस. पस्तीस पॉइंट चार. खरं सांगायचं तर तिला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. पस्तीस पॉइंट आठला डॉ. विनीत थबकले, पोटात डोकावले आणि म्हणाले, "थांबलं."

संध्याकाळी मास्तर शुद्धीवर आले. थंडी वाजतेय का विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनला डॉ. विनीत यांनी चाकू हातात घेण्याआधी एसीचा रिमोट कल्पिताकडे दिला आणि विचारलं, "आतलं किती?"

आदल्या रात्री ती घरी पोचली तेव्हा बाप झोपला होता, म्हणून तिने जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन लावला. "बाबा, काल कोपरापर्यंत हात घातला."

राघोने विचारलं, "मंग पानी कसा व्हता?"

"थंड व्हता," कल्पिता म्हणाली. "आता नाय."