काकू, दांडी सोडा!

गुलाब लावणाऱ्यांकडे फुलं कमी आणि किस्से जास्त. झाड रोगानं जातं, किस्सा कुंडीत तसाच राहतो! नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही चार-पाच गुलाबवाले. त्यातली खरी गुलाबवाली माझी बायको, सुनंदा. मी नुसता पाण्याची बादली वर नेणारा.

तिच्या शेंदरी कलमी गुलाबावर दुसऱ्या मजल्यावरच्या पेंडसेकाकूंचा डोळा. रोज पूजेला फूल, तेही हातभर दांडीसकट! सुनंदानं पाटी लावली, ‘विषारी औषध मारले आहे.’ दुसऱ्या दिवशी फूल गायबच.

“काकू, पाटी नाही वाचलीत?”

“वाचली की. मी कुठे खातेय? देवाला वाहते!”

तेव्हापासून सुनंदा रोज जिन्यात वाकून ओरडायची, “काकू, फूल न्या, पण दांडी सोडा!” काकू न थांबता उतरत म्हणायच्या, “देवाला सांगा!”

*

म्हात्रेभाऊ मूळचे करावे गावचे. त्यांच्या मते सगळ्या रोगांवर एकच औषध. “वहिनी, कोलंबी धुतल्याचं पानी घाला. झाड नाचंल बगा!”

झाड काही नाचलं नाही. सेक्टरमधली झाडून सगळी मांजरं मात्र नाचली. संध्याकाळी चेअरमनची नोटीस, ‘गच्चीवर मासे सुकवू नयेत.’

*

गेल्या वर्षी सुनंदा गेली. काकूंनी फुलं तोडणं बंद केलं. फुलं झाडावरच सुकू लागली.

बादलीवाल्याच्या हाती आता अख्खं झाड आलं आणि लगेच पानांवर पिठासारखी भुरी आली. ग्रुपवर सल्ला आला, ताक फवारा. मी दुकानातून पिशवी आणून फवारलं. ते निघालं मसाला ताक! जिरं फवाऱ्यात अडकलं, कोथिंबीर कळीवर बसली.

म्हात्रेभाऊ म्हणाले, “आता पापड पन द्या त्याला!”

*

भुरी गेली, तर फांद्या शेंड्याकडून काळ्या पडायला लागल्या. हिरवं लागेपर्यंत कापा, असं सगळ्यांनी सांगितलं. कापत कापत मी जवळजवळ मातीपर्यंत आलो. मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंडीपाशीच बसायचो. सुनंदाचं एवढं एकच झाड उरलं होतं.

आणि एके दिवशी बुंध्यातून कोंब! हां हां म्हणता कमरेएवढा झाला. मी गच्चीवर पेढे वाटले.

म्हात्रेभाऊ पेढा हातात घेऊन वाकले. “एका देठाला सात पानं? दादा, ह्यो जंगली हाय. ज्याच्यावर कलम बांदलं ना, तो खालचा. वरचा गुलाब गेला.”

हातातला पेढा परत ठेवावा की खावा, ते भाऊंना कळेना. शेवटी खाल्ला.

*

त्या रविवारी दारात पेंडसेकाकू. हातात कुंडी, तिच्यात गुलाब, गुलाबाला एक कळी. शेंदरी!

“तुमच्या फुलांचं निर्माल्य मी कुंडीत टाकायचे. त्यातली एक दांडी रुजली मेली. घ्या!”

मी कुंडी गच्चीवर सुनंदाच्या कुंडीच्या जागी ठेवली. कळी उमलायला दोन-तीन दिवस लागले. आज पूर्ण फूल बघायला मिळणार म्हणून सकाळी लवकर वर गेलो.

फूल नव्हतं. दांडीही नव्हती!

जिन्यात चपलांचा आवाज येत होता. मी वाकून ओरडलो, “काकू, फूल न्या, पण दांडी सोडा!”

चपला थांबल्या.

मग खालून आवाज आला, “देवाला सांगा!”