जावेने चाखलेली आमटी

माझी धाकटी जाऊ बंगळूरची कॉम्प्युटरची मोठी नोकरी सोडून इथे रामघाटावर आमच्याबरोबर यात्रेकरूंचा स्वयंपाक करायला आली. आमच्याकडे येणारी माणसं घाटावर श्राद्ध करून जेवायला बसतात, म्हणून नैवेद्याआधी काहीही चाखायचं नाही. परवा तिने आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. नवी नवरी असताना मीही असंच चाखलं होतं. तेव्हा त्यांनी सगळा स्वयंपाक गाईला घालायला लावला आणि आल्यागेल्याला ते सांगत राहिल्या. आता हिलाही बोलतील म्हणून मी वाट बघत होते. मला ते हवंच होतं.

त्या हसल्या. "असू दे गं. एवढं सगळं सोडून आलीस, जमेल हळूहळू. मोठी करेल दुसरी आमटी."

मोठी म्हणजे मी. मी डाळ पुन्हा चढवली. जाऊ शेजारी बसून चिंच कोळू लागली.

"वहिनी, आई किती समजूतदार आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं.

पंगत बसली तेव्हा सासूबाई यात्रेकरूंना धाकटी काय काय सोडून आली ते सांगत होत्या. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. मी दाराआड आमटीचं पातेलं धरून उभी होते. मीही इंदूरचं घर आणि आईला सोडून आले होते. ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

कुणीतरी आमटी मागितली. मी जावेला दाराशी बोलावलं आणि "तूच वाढ," म्हणून पातेलं तिच्या हातात दिलं.