अर्धा मारलेला बोल्ट

कानस आणायला गेलो होतो. सिंगापुरात बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकपासून एलआरटीच्या गाडीनं थोडं पुढं गेलं की हार्डवेअरचं एक दुकान आहे. तिथल्या चिनी म्हाताऱ्याला हातवारे करून सांगत होतो, लाकूड घासायची पाहिजे, एका बाजूनं गोल. तो लोखंड घासायचीच काढून दाखवायचा. शेवटी मिळाली. हिच्या काठीची मूठ घासायची होती. कधीपासून डोकं खात होती, 'अवो, मूठ जाड हाय, हातात मावत न्हाई.' मी म्हणायचो, मूठ तेवढीच आहे, तुझा हात वाळलाय. त्या दिवशी मात्र कटकट ऐकून उठलो आणि गेलो. लिफ्टमधून बाहेर पडलो तर घराचं लोखंडी गेट सताड उघडं. आमचं गेट उघडं कधी राहत नाही, ही राहू देत नाही. आत अवी, आमचा मुलगा, हिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलेला. 'बाबा, आई गेली' म्हणाला. कागदाच्या पिशवीतली कानस हातात तशीच... ती कुठं ठेवली ते मला दुसऱ्या दिवशीही आठवेना.

मग निरोप सुरू झाले. अवीच्या फोनवर ओळखीच्या मराठी लोकांचे. प्रेमळ माऊली, सुगरण, सगळ्यांची काकू. मला अवी वाचून दाखवायचा आणि माझं डोकं फिरायचं. सुगरण? हिच्या पिठल्यात गुठळ्या असायच्या आणि पोळी कडेला कच्ची. प्रेमळ असेल, पण तोंडानं फटकळ. जे खरं होतं ते एकानंही लिहिलं नाही. म्हणून मीच लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन बघू नका. अवी म्हणतो, 'बाबा, बंदुकीचं लिहू नका. हे सिंगापूर आहे, लोक काय समजतील?' काय समजायचं ते समजू देत. माझी बायको शकुंतला रायफलीची पारख करणारी बाई होती. तिच्याएवढी किरकिरी पारख मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही.

कोल्हापुरात हिच्या वडिलांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, लायसनवालं. शिकारबंदी यायच्या आधीची गोष्ट. मी तिथं दस्ते घडवायचो. दस्ता म्हणजे रायफलीचं लाकूड, खांद्याला लावायचं आणि हातात धरायचं. लाकडाचा मी, लोखंडाचे सासरे, आणि तयार माल गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी शेवटची नजर हिची. पोरीच्या जातीनं दुकानात बसावं का म्हणून लोक बोलायचे. सासरे म्हणायचे, बसू दे, माझ्यापेक्षा तिला चुका जास्त दिसतात. माझ्याच दिसायच्या जास्त. मी एकदा अक्रोडाचा असा दस्ता काढला होता की गिऱ्हाईक हात फिरवत बसलं असतं, मुठीपाशी लाकडात भोवऱ्यासारखी नक्षी. हिनं उजेडात धरला आणि बाजूला ठेवला. 'नक्षी मागं खांद्याकडं असू दे की. मुठीत रेषा सरळच पाहिजे. हितनंच तडकतंय लाकूड.' आमचं लग्न ठरायच्या आधीचं हे भांडण, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला देखणी वस्तू आवडते. हिला चालणारी.

एकदा एक इनामदार रायफल घेऊन दुकानात आले. गव्याच्या मागं गेले होते. पहिली गोळी लागली, गवा वळला, आणि दुसऱ्या वेळी बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारणारा दांडा, अडकला. बरोबरचा वाटाड्या त्यात गेला. इनामदार सासऱ्यांवर ओरडत होते, तुमच्या दुरुस्तीनं घात केला. सासरे मान खाली घालून उभे. हिनं रायफल उचलली, आत बघितलं. एक काडतूस नळीत सुटं पडलेलं आणि दुसऱ्याचं टोक त्याच्या बुडावर रुतलेलं. ही म्हणाली, 'मालक, तुम्ही बोल्ट पुढं नेला, पुरता दाबला न्हाई, परत मागं ओढला.' इनामदार म्हणाले, मी काय खुळा आहे का? ही म्हणाली, 'खुळं न्हाई, भ्यालेलं. भ्यालेला माणूस अर्धंच काम करतोय. त्याचं अर्धं काम सांभाळून घेईल असली रायफल पाहिजे.' सासऱ्यांनी हिला आत पाठवलं. पण त्या दिवसापासून कुठलीही रायफल आली की ही आधी तेच करायची. खोटी काडतुसं घालायची, बोल्ट अर्धा पुढं न्यायचा, मागं ओढायचा, परत पुढं. ज्या रायफलीच्या बोल्टला रुंद पंजा असतो, तो काडतूस डब्यातून वर येतानाच धरतो. अर्धवट मागं ओढलं तरी ते बरोबर घेऊन बाहेर येतो. ज्याला तसा पंजा नसतो तो नुसता ढकलतो, आणि पुरता बंद झाल्याशिवाय पकडत नाही. हरणासाठी तसली रायफलही चालते, ही म्हणायची, हरीण काय उलटून येत नाही. पण मोठ्या जनावराला नको.

हे सगळं मागं पडलं होतं. बंदी आली, दुकान बसलं, अवी शिकला, बँकेत लागला, इथं आला, आम्हाला घेऊन आला. इथं रायफल सोडाच, फटाका फोडायची चोरी. ही खुर्चीत बसून गेटकडं बघायची. गेटची कडी लावली की एकदा ओढून बघायची, पुरती बसली का. मग अवीच्या बँकेतला नितीन घरी यायला लागला. पुण्याचा पोरगा, सेरंगूनला कॉन्डोत राहतो. त्याला आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला जायचं होतं, तिकडं परवाना काढून करता येते म्हणे. रायफल तिकडच्याच दुकानातून घ्यायची आणि तिकडंच ठेवायची. हिच्या दुकानाचं कळल्यावर टॅबवर फोटो घेऊन आला. हिनं चष्मा लावला आणि मला वाटलं दुकान परत उघडलं.

'काकू, ही बघा. वजनाला एकदम लाइट.'

'हलकी? मग खांद्याला लाथ कोण खाणार, तू का मी? जड बघ.'

'आणि ही सेफ्टीची कळ...'

'मूठ न सोडता अंगठ्यानं सरकतीय का? आवाज किती करती? रेड्याला कान असतात बाळा.'

वर नुसती दुर्बीण, नळीच्या टोकाला नेमाची लोखंडी माशी नाही, म्हणून एक बाद केली. काचेवर वाफ धरली तर कशानं नेम धरणार? एकीचा काडतुसांचा खालचा डबा वेगळा निघणारा, तीही बाद. 'पडला रानात तर रायफल काठी म्हणून वापर.' पण सगळीकडं हिचं बरोबर होतं असं नाही. प्लॅस्टिकच्या दस्त्याला ही हसली, तेव्हा नितीननं पावसापाण्याचं सांगितलं आणि ते मलाही पटलं, लाकडाचा माणूस असून. हिला नाही पटलं. शेवटी नितीनला एक रायफल आवडली आणि मलाही आवडली. काय सांगू, अक्रोडाचा दस्ता, मधाच्या रंगाचा. पण बोल्ट नुसता ढकलणारा. ही म्हणाली, नको. मी म्हणालो, अगं हल्लीचं लोखंड चांगलं, सुरळीत चालतं. ही म्हणाली, 'लोखंड सुधारलं, माणूस सुधारला का?' मग उठून काठी खांद्याला लावली. ही काठी मीच केलेली, कोल्हापूरहून आणलेल्या अक्रोडाच्या तुकड्याची, मूठ रायफलीच्या मुठीसारखी. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत नितीनला नेऊन हवेतच बोल्ट मारून दाखवायला लागली, अर्धा पुढं, मागं, परत पुढं. बाकावरची चिनी आजी उठून गेली. अवी धावत आला. 'आई, काठी खाली कर! कुणीतरी पोलिस बोलावेल!' नितीन पोट धरून हसत होता. जाताना म्हणाला, 'प्रॉमिस काकू, घ्यायच्या आधी टेस्ट करतो.'

तो आधी नुसती रायफल घ्यायला तिकडं गेला, शिकार पुढच्या फेरीत होती, आणि हिचं सुरू झालं. नितीनचा फोन आला का? अवी कामावरून आला की पहिला तोच प्रश्न. अवी म्हणायचा, 'आई, तो ट्रिपवर आहे, त्याला तुझी रायफल कुठं लक्षात राहणार?' मग ही मला विचारायची, 'तुमाला काय वाटतंय, करंल का तो?' मी म्हणायचो, मला काय माहीत. त्या सकाळीही विचारलं. मग मुठीची कटकट, मग मी कानस आणायला...

तेराव्यानंतर नितीन आला. हातात फळं, तोंड उतरलेलं. हिच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाला, 'काका, घेतली मी ती, तुम्हाला आवडलेली. मस्त चालते. उलटी धरून पण बोल्ट मारला, काही अडकलं नाही. या एका बाबतीत काकू चुकल्या बघा.' म्हणजे मी जिंकलो. उभ्या जन्मात या बाईबरोबरचं रायफलीवरचं भांडण मी जिंकलो नव्हतो, आणि जिंकलो ते असं... मला इतका राग आला की कप ठेवताना कॉफी सांडली. 'अर्धा मारलास का?' मी विचारलं. 'अर्धा कोण मारतं काका? मी नीटच मारला.' 'कुठं? टेबलाशी बसून? धापा टाकत होतास का? हात कापत होते का?' तो अवीकडं बघायला लागला. अवी म्हणाला, 'बाबा, जाऊ द्या ना.' का जाऊ द्या? मी उभा राहिलो, हिची काठी घेतली आणि हिच्यासारखाच ओरडायला लागलो, भ्यालेला माणूस अर्धंच काम करतो म्हणून. ज्या दस्त्यावर माझा जीव बसला होता त्याच रायफलीला मी नावं ठेवत होतो. तिच्या बाजूनं मी पहिल्यांदा भांडलो, आणि ती ऐकायला नाही. नितीन निघताना म्हणाला, 'काका, शिकारीआधी कॅम्पवर पुन्हा करतो. पळत जाऊन करतो, ओके?' मला वाटलं, म्हाताऱ्याची समजूत घालतोय.

गेल्या आठवड्यात तिकडच्या कॅम्पवरून त्याचा फोन आला. अवीनं माझ्या कानाला लावला. 'काका, टेकडी पळत चढलो, खोटी काडतुसं होती. माझा मित्र मागून ओरडला, मी दचकलो... अडकलं काका. दोन काडतुसं, एकामागं एक. काकू म्हणाल्या होत्या तस्संच. सळई घालून काढावं लागलं.' कॅम्पवरची पंजावाली जुनी रायफल घेऊन तो जाणार होता. मी बरं म्हणालो आणि फोन अवीला दिला. रेडा मिळाला की नाही ते मी अजून विचारलेलं नाही. पोरगा धड परत आलाय, तेवढं पुरे.

हिचं खरं ठरलं की ही एकच शब्द बोलायची. 'बघा.' त्या शब्दानं मला जन्मभर वैताग दिला. पिठात पाणी जास्त झालं, बघा. बस चुकली, बघा. त्या संध्याकाळी मी हिच्या खुर्चीसमोर बसून राहिलो. घरात कुणी बघा म्हणेना.

मग म्हटलं, रायफलीचं खरं ठरलं, तर मुठीचंही खरं असणार. सुनेनं कानस सिंकखालच्या कपाटात ठेवली होती, पिशवीसकट. काठी मांडीवर घेतली. दस्ता घासायचा असेल तर आधी बघायचं, हात कुठं दाटतो. तिथं घामानं आणि तेलानं लाकूड काळं पडतं. तेवढं खरवडलं की माप बरोबर येतं. हे मला कुणी शिकवायला नको. मूठ उजेडाला धरली. अंगठ्याच्या बुडाशी आणि खाली दोन बोटांच्या जागी काळा डाग होता, गुळगुळीत. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. जाडच होती मूठ, तिथंच, ती म्हणायची तिथंच. तिचं सांगितलेलं काम करायचं तर पहिल्यांदा तिच्या हाताचा तोच डाग जाणार.

कानस परत पिशवीत घातली. काठी गेटजवळ उभी आहे, मूठ जाड ती जाडच. आता बाहेर जाताना मी तीच घेतो. बोटं त्या डागावर ठेवतो, गेटची कडी लावतो आणि एकदा ओढून बघतो.