गोड नसलेलं चॉकलेट

कुत्र्याला गोड द्यायचं नाही, हा आमच्या पप्पांचा नियम. गोडानं कुत्र्याला खरूज होते असं आमच्या गावात, झरीत, सगळेच मानतात. घरात पेढे आले, की पप्पा आमच्या कुत्र्याची समजूत काढायचे, "तुला न्हाई बाबा, अंग खाजंल."

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून डार्क चॉकलेट आणलं. पप्पांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"काढ्यावानी कडू हाय की गं! ह्याला पैसे दिलेस?"

मी अंघोळ करून आले, तर ओट्यावर नुसता कागद, आणि कुत्रा मिशा चाटत बसलेला.

"गोड न्हाई म्हणून दिलं," पप्पा खुशीत म्हणाले. "सगळं संपवलं बघ."

चॉकलेट जितकं कडू, तितकं कुत्र्याला जास्त घातक, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं घरात सांगायची मला सवय नाही; शहाणपणा मिरवल्यासारखं वाटतं. आता सांगावंच लागलं. पप्पांचा चेहरा उतरला.

"ताक पाजू का त्याला?"

"काही पाजू नका. गाडी काढा."

मोटारसायकलवर कुत्र्याला दोघांच्या मधे धरून आम्ही परभणीला जनावरांच्या दवाखान्यात पोचलो. मी कागद पुढे केला. खाऊन तास झाला होता. डॉक्टरांनी वजन विचारलं.

"तीन पायल्या ज्वारीएवढं भरंल," पप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी हसू दाबत त्याला काट्यावर ठेवलं. "चॉकलेट कुणी दिलं?"

"मी," मी म्हणाले.

"खोटं बोलायलीय ती. म्या दिलं, साहेब. चांगलं समजून दिलं."

"सगळे चांगलं समजूनच देतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. बरंचसं चॉकलेट बाहेर पडलं, पण त्याची छाती अजून धडधडत होती. सलाईन लावलं. पप्पा त्याचा पुढचा पाय हातात धरून दुपारभर उभे राहिले. कुणी खुर्ची दिली, तरी बसले नाहीत.

संध्याकाळी ठोके जागेवर आले. "वेळेत आणलंत, म्हणून," डॉक्टर म्हणाले.

परतताना पप्पांनी विचारलं, "आणखी काय काय चालत न्हाई ह्याला?"

"द्राक्षं, मनुके, कांदा..."

"कांदाबी?"

वाऱ्यात त्यांना नीट ऐकू येईना. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि मागे वळून म्हणाले, "हं, आता सावकाश सांग."