धावजीनं सांगितलेले सिनेमे

जफर मिस्त्रीची आणि धावजीची ओळख दिग्रसच्या टॉकीजमध्ये झाली, भर दुपारी, पण मिट्ट काळोखात. सिनेमा अर्ध्यावर असताना लाइन गेली आणि जनरेटरही बंद पडलं. जफर कापसाच्या जिनिंगमधल्या मोटारी दुरुस्त करायचा, म्हणून मालकानं त्यालाच बोलावून घेतलं. लोक शिव्या देत निघून गेले. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेला धावजी तेवढा मागे राहिला. आपण होऊन त्यानं बॅटरी धरली आणि विचारलं, "चालू होईन ना? भावानं अजून बहिणीले ओळखलं नाई."

जनरेटर चालू झालं. मालकानं त्या दोघांनाच उरलेला सिनेमा दाखवला. दोस्ती जमली ती तिथून.

पुढे बाजाराच्या दिवशी धावजी आपलं काम उरकून थेट जफरच्या दुकानात यायचा आणि दोघं तीनचा शो गाठायचे. सिनेमा कसाही असो, धावजीला चालायचा. मारामारी आली की तो पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसे, आणि पडद्यावर कुणाची माय मेली की दुपट्ट्यानं डोळे पुसत राही.

मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडले, अळीनं बोंडं खाल्ली, जिनिंगा एकेक करून थंडावल्या आणि जफरकडे मोटारी येईनाशा झाल्या. टॉकीजवाल्यानं बाल्कनी बंद केली. धावजीच्या शेतातही वेगळं काही नव्हतं, पण त्याचं येणं चुकलं नाही. एकदा जफरच कंटाळून म्हणाला, राहू दे आता, मन लागत नाही.

"मी नाई पाह्यला तर तांड्यावर काय सांगू?" धावजी म्हणाला. "बाया वाट पाहून राह्यल्या."

तेव्हा जफरला कळलं, की हा माणूस पाहिलेला सिनेमा संध्याकाळी तांड्यावर अख्खा सांगतो, त्यांच्या गोरबोलीत, गाण्यांसकट.

एका पावसाळ्याच्या शेवटी धावजी काविळीनं गेला. जफर भेटायला तांड्यावर गेला. त्या वर्षांत शेतकरी गेला म्हटलं की लोक आधी, काय घेतलं, हेच विचारत. धावजीची बायको मोतीबाई उत्तरं देऊन थकली होती. जफरनं काही विचारलं नाही. तो ओट्यावर बसून राहिला.

शेजारची म्हातारी रुपीबाई जवळ सरकली. "भाऊ, तो ट्रकवाल्याचा सिनेमा तू पाह्यलता ना त्याच्यासंगं? शेवटी लेकानं मायले नव्या घरात नेलं ना?"

जफरला तो सिनेमा पक्का आठवत होता. त्यातली माय दवाखान्याच्या पायरीवरच मरते. त्या दिवशी बाहेर आल्यावर धावजीनं चहासुद्धा घेतला नव्हता.

"नेलं ना," जफर म्हणाला. "अंगणात तुळस लावली तिनं."

तिथं बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. रुपीबाई म्हणाली, दोस्तही त्याच्यासारखाच निघाला.

जफरला काही उमगेना. मग मोतीबाईनंच सांगितलं, "शेजारच्या भावसिंगच्या टीव्हीवर आलता तो सिनेमा. माय मरते त्याच्यात. आमाले ठाऊक हाये."

"मंग त्याले काहून नाई सांगतलं?"

"कायले सांगाचं? ते सांगत, ते बरं वाटे."

धावजी गेल्यापासून जफर पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. कुणी त्याला थांबवलं नाही.

मोतीबाईनं टॉकीज आतून कधी पाहिलंच नव्हतं. नवरा-बायको दोघं गेली तर ढोरांकडे कोण पाहणार, म्हणून ती राहून जायची. दिवाळी उलटल्यावर जफरनं निरोप धाडून तिला बोलावलं, आणि बायकोला, जैबुनबीला, सोबत घेतलं. मोतीबाई पदर सावरून ताठ बसली, पापणी न हलवता पाहत राहिली. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा जैबुनबीनं विचारलं, कसा वाटला.

"चांगला हाये," मोतीबाई म्हणाली. "पण हा लई घाई करते. ते सांगत तवा एकएका माणसापाशी थांबत."

जफर भजी आणायला उठला.